नाकाबंदीतली झडती कागदावरही नीट हवी

संपादक महोदय,

अंकली फाटा असो की कऱ्हाडजवळचा महामार्ग, नाकाबंदीत लायसन्स बघून झाले की 'डिकी उघडा' हे ठरलेलेच. लायसन्स मागण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाला आहे. गांजासाठी गाडी तपासणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

ती झडती अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायदा, १९८५ च्या कलम ४२ खाली होते. अधिकारी शिपायापेक्षा वरच्या दर्जाचा आणि शासनाने अधिकार दिलेला लागतो. खबर मिळाली तर ती लिहून काढून ७२ तासांत वरिष्ठांना प्रत पाठवायची. रात्री वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर त्याची कारणेही नोंदवायची. कलम ४३ सार्वजनिक जागेतल्या झडतीचे, त्यात ही लिखापढी लागत नाही; पण 'गाडी रस्त्यावर होती, म्हणून कलम ४३' ही सबब एसटीला चालते, खासगी मोटारीला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बूटा सिंग खटल्यात हे स्पष्ट केले आणि आरोपी सुटले. माल हाती लागूनही एका न लिहिलेल्या कागदापायी खटला पडावा, याची चीड येते. आणि विनाकारण झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ५८ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे किती जणांना ठाऊक आहे?

अंगझडतीचे निराळे. खिशात हात घालण्याआधी 'राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क आहे' हे सांगावेच लागते (कलम ५०). स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. डिकी किंवा हातातली पिशवी या कलमात येत नाही.

खरा घोळ वजनात होतो. कायद्याने गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली नुसती पाने आणि बिया त्यात धरत नाहीत. एक किलोच्या आत असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेला की किमान दहा वर्षे, शिवाय कलम ३७ मुळे जामीन जवळपास बंद. अशा वेळी ओली झाडे मुळे, माती, खोडांसकट गोणीत कोंबून तशीच काट्यावर ठेवली, तर मातीच्या वजनाने कलम बदलते! पंचनाम्यात मात्र 'उग्र वासाचा हिरवट ओलसर गांजा' एवढीच ओळ. शेंडे किती, पाला किती, गोणीचे वजन वजा केले का, काहीच नाही. मग प्रयोगशाळेचा अहवाल आला तरी वाद मिटत नाही.

सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी प्रत्येक नाक्यावर कलम ४२ व ५० चे छापील मराठी नमुने आणि इलेक्ट्रॉनिक काटा ठेवावा, शेंडे वेगळे तोलायला लावावेत. झडतीचे चित्रीकरण फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने १ जुलै २०२४ पासून बंधनकारकच आहे. ते डिकी उघडण्यापासून सील लागेपर्यंत सलग हवे, तुकड्यातुकड्यांत नको. चालकानेही जप्तीच्या यादीची प्रत मागून घ्यावी आणि सही करण्याआधी तीत वेळ आणि वजन लिहिले आहे का, ते पाहावे.

— एक वकील, सांगली