हॅम्बुर्गच्या मित्रास पत्र

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. मराठीत ओळ लिहायला बसलास की आधी जर्मन शब्द पुढे येतो, आणि जर्मनमध्ये लिहावे तर परक्याच्या घरात वावरल्यासारखे वाटते, हे तू लिहिलेस. ते वाचल्यापासून मला योको तवादा यांची सारखी आठवण येते आहे, कारण त्या लेखिका म्हणून घडल्या त्या तुझ्याच शहरात.

तोक्योत १९६० साली जन्मलेल्या तवादा वासेदा विद्यापीठात रशियन साहित्य शिकल्या आणि १९८२ मध्ये हॅम्बुर्गला एका पुस्तक वितरण कंपनीत नोकरीला लागल्या. तिथला एक प्रसंग त्यांनी निबंधात लिहिला आहे. शेजारी बसणारी बाई पेन्सिल नीट चालेना म्हणून त्या पेन्सिलीवरच चिडली, तिला वेडी ठरवून मोकळी झाली. जर्मनमध्ये पेन्सिल पुल्लिंगी, ‘डेर ब्लायश्टिफ्ट’; ‘डेर’ ही पुल्लिंगी नामाआधीची खूण. जपानी नामांना लिंग नसते, पण तो ‘डेर’ ऐकताना ती पेन्सिल तवादांना एकदम जिवंत आणि पुरुषासारखी वाटली. टाइपरायटर मात्र त्या भाषेत स्त्रीलिंगी, म्हणून कचेरीतले ते यंत्र त्यांना आपल्याला दत्तक घेणारी ‘भाषामाता’ वाटू लागले. आपण दोघांनी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ‘डेर, डी, डास’ घोकले, पण तो-ती-ते घेऊनच वाढल्यामुळे आपली पेन्सिल ‘ती’ का, हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही. मातृभाषेत शब्द माणसाला घट्ट टाचलेले असतात आणि परकी भाषा स्टेपलच्या पिना उपसण्याच्या चिमट्यासारखी ते सुटे करते, असे त्या त्याच निबंधात म्हणतात. तुला जे परकेपण सलते आहे, त्यातूनच तवादांचे सारे लेखन उगवले आहे, आणि म्हणूनच मी हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

त्यांचे पहिले पुस्तक १९८७ मध्ये ट्युबिंगनच्या एका छोट्या प्रकाशनाने काढले. त्यात त्यांच्या जपानी रचना होत्या आणि जर्मन अनुवाद दुसऱ्याने केलेला होता. पुढे त्या स्वतःच जर्मनमध्ये लिहू लागल्या. जपानमध्ये १९९३ चा अकुतागावा पुरस्कार, जर्मनीत १९९६ चा शामिसो आणि २०१६ चा क्लाइस्ट असे मानसन्मान दोन्हीकडे मिळाले, पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची काम करण्याची रीत. २००४ ची ‘डास नाक्टे आउगे’ (‘उघडा डोळा’) ही कादंबरी त्यांनी दोन्ही भाषांत आळीपाळीने लिहिली. एक भाग या भाषेत, पुढचा त्या भाषेत, मग प्रत्येकाचे दुसऱ्या भाषेत रूपांतर, असे करत शेवटी दोन हस्तलिखिते तयार झाली. त्यातले मूळ कोणते, हे विचारण्यात अर्थच उरत नाही. ध्रुवीय अस्वलांच्या तीन पिढ्यांची कादंबरी मात्र त्यांनी आधी जपानीत लिहिली आणि २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाल्यावर स्वतःच जर्मनमध्ये नव्याने घडवली. ती जर्मन आवृत्ती २०१४ ची आहे. तिथल्या ग्रंथालयात नक्की मिळेल.

तेव्हा मराठी निसटते आहे म्हणून वही मिटून ठेवू नकोस. एल्बे नदीकाठच्या धुक्यावरची जी कविता अर्धी जर्मनमध्ये राहिली आहे असे तू लिहिलेस, ती तशीच पाठव. तिच्यातला धुक्याचा शब्द, ‘डेर नेबेल’, तिकडे ‘तो’ आहे आणि आपल्याकडे ‘ते’. मराठीत लिहिताना त्याचे काय होते, ते मला पाहायचे आहे.

तुझा,
अनंत