‘२०२३-२४’ म्हणजे नेमके कोणते वर्ष?

महोदय,

सरकारी खाती एकमेकांना तक्ते पाठवतात, पण त्यांचा मेटाडेटा, म्हणजे त्या माहितीविषयीची माहिती, सोबत देत नाहीत. ‘२०२३-२४’ हा रकानाच घ्या. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, महसुली वर्ष १ ऑगस्टला. असे दोन तक्ते थेट जोडले, तर दोन्ही टोकांना चार-चार महिने जुळत नाहीत. संगणक मात्र कुठेही अडत नाही, त्यामुळे चूक थेट अहवालात उतरते.

गावांचेही तेच. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. २०११च्या जनगणनेत त्याची गावे ठाण्याखाली आहेत. उस्मानाबादचे धाराशिव झाले. नावावरून जुळवणी केली की ओळी गळणारच! केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला संकेतांक आहे. तो प्रत्येक तक्त्यात सक्तीचा करावा.

जमिनीच्या गट क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ प्रकारचाच ठेवावा, नाहीतर एक्सेल ५/२ची तारीख करून टाकते. शिवाय एकक हेक्टर की एकर, माहिती कोणत्या खात्याची व कोणत्या दिनांकापर्यंतची, आणि रिकामा चौकोन म्हणजे शून्य की ‘माहिती आलीच नाही’, हे फाइलसोबत लेखी यायलाच हवे. दुष्काळी मदतीच्या यादीत या शेवटच्या फरकावर शेतकऱ्याचे नाव राहते किंवा वगळले जाते.