हालस ग्रीन बेला का गेला

नेपरव्हिल, शिकागोजवळ

प्रिय अवधूत,

सप्रेम नमस्कार. फोनवर तू विचारलंस, "तुझ्या त्या बेअर्स-पॅकर्सचं एवढं काय रे?" बेअर्स हा आमचा शिकागोचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, पॅकर्स ग्रीन बेचा; दोघं एकाच लीगमधले (एनएफएल) जुने हाडवैरी. हे वैर फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

शिकागो तुला ठाऊक आहे. ग्रीन बे इथून उत्तरेला गाडीने साडेतीन-चार तासांवर, विस्कॉन्सिनमधलं, आजही जेमतेम लाखभर वस्तीचं. पॅकर्सना कुणी एक मालक नाही, संघ चाहत्यांच्या शेअर्सवर उभा आहे. १९१९ साली संघ काढणारा कर्ली लॅम्बो मांस डबाबंद (पॅकिंग) करणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. जर्सींचे पैसे कंपनीने दिले, त्यावरून पॅकर्स हे नाव पडलं.

दोघांमधला पहिला सामना २७ नोव्हेंबर १९२१ चा. बेअर्सचं नाव तेव्हा स्टेलीज होतं. मालक आणि प्रशिक्षक जॉर्ज हालस. शिकागोने २०-० असा सहज जिंकला, पण त्यांच्या टार्झन टेलरने पॅकर्सच्या कब बकचं नाक ठोसा मारून फोडलं. तीन वर्षांनी दोन्हीकडचा एकेक गडी मारामारीसाठी मैदानाबाहेर काढला गेला, लीगमध्ये असं पहिल्यांदाच घडलं.

पण मला खरी भिडते ती १९५६ ची गोष्ट. पॅकर्स तेव्हा एका हायस्कूलच्या मैदानावर खेळायचे. बाकीच्या संघांना तिथे येणं परवडेना, लीगचा दबाव वाढला. नवीन स्टेडियमला ९ लाख ६० हजार डॉलरचे कर्जरोखे काढायचे होते आणि त्यासाठी गावाचं मतदान. मतदानाच्या तोंडावर खुद्द हालस ग्रीन बेला गेला आणि भरसभेत स्टेडियमच्या बाजूने बोलला. ज्या माणसाला हरवण्यासाठी ते गाव वर्षभर दात-ओठ खायचं, तोच! छोट्या गावातला हा संघ बुडाला तर लीगचं नुकसान आहे आणि बेअर्सचंही, हे त्याला पक्कं कळत होतं. ठराव दुपटीहून जास्त मतांनी पास झाला. २९ सप्टेंबर १९५७ ला नव्या मैदानावरचा पहिला सामना झाला, समोर अर्थातच बेअर्स. पॅकर्स २१-१७ ने जिंकले. तेच आजचं लॅम्बो फील्ड.

पुढे पॅकर्सकडे प्रशिक्षक म्हणून व्हिन्स लोम्बार्डी आला आणि साठच्या दशकात पॅकर्सनी पाच अजिंक्यपदं नेली. मध्येच १९६३ साली हालसने बाजी मारली: अख्ख्या हंगामात पॅकर्स दोनदाच हरले, दोन्ही वेळा बेअर्सकडून, आणि अजिंक्यपद शिकागोला आलं. हालस तेव्हा ६८ वर्षांचा होता.

सगळंच असं उमदं नाही. १९८६ मध्ये पॅकर्सच्या चार्ल्स मार्टिनने पास फेकून मोकळ्या झालेल्या आमच्या जिम मॅकमहॉनला उचलून जमिनीवर आपटलं. त्याला दोन सामन्यांची बंदी झाली. मला ती कमीच वाटते.

१९९९ चा सामना मात्र तू जरूर बघ. १ नोव्हेंबरला वॉल्टर पेटन गेला, चेंडू घेऊन धावणारा बेअर्सचा लाडका खेळाडू. सहाव्या दिवशी लॅम्बोवर सामना; बेअर्स १४-१३ ने पुढे, सात सेकंद उरलेले. पॅकर्सना फक्त २८ यार्डांवरून फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून, तीन गुण) मारायचा होता. चेंडू उडाला आणि ब्रायन रॉबिन्सनने हात उंचावून तो अडवला. त्याआधी बेअर्स पॅकर्सकडून ओळीने दहा सामने हरले होते.

त्यानंतर आमचे हालच. फार्व्हनंतर रॉजर्स, असे त्यांना पाठोपाठ दोन असामान्य क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू) मिळाले. आम्ही माणसं बदलत राहिलो. जानेवारी २०११ मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, उंबरठ्यावर, आमच्याच सोल्जर फील्डवर, ते २१-१४ ने जिंकले आणि पुढे सुपर बोलही घेऊन गेले. कित्येक दशकं एकमेकांविरुद्धच्या विजयांत बेअर्स पुढे होते, तीही आघाडी २०१७ मध्ये गेली. जानेवारी २०२५ मध्ये कायरो सँटोसने ५१ यार्डांवरून चेंडू मारला, २४-२२, तेव्हा कुठे अकरा पराभवांची माळ तुटली. मी घरात एकटाच ओरडत होतो.

तू डिसेंबरात आलास तर लॅम्बोला जाऊ. तिकिटं कुणा सीझन तिकीटवाल्याकडूनच घ्यावी लागतील, मी आत्तापासून बोलून ठेवतो. थंडीचे कपडे तिकडून आणू नकोस, इथले लागतात. आणि काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद