शनिवारी मीही ओरडलो

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
१४ नोव्हेंबर २०२३, पाडवा

प्रिय संज्या,

गवळी गल्लीतल्या म्हशी सजल्या का? फोटो पाठव. इथं आज नुसता मंगळवार आहे.

परवा फोनवर तू विचारलंस, आवाज का बसलाय. मी म्हटलं, थंडी. खोटं बोललो. शनिवारी स्टेडियमवर ओरडून बसलाय, आणि कुणावर ओरडलो ते सांगायची लाज वाटली. म्हणून हे पत्र.

इथला फुटबॉल म्हणजे आपला शाहू स्टेडियमवरचा नव्हे, हे मी तुला पंधरा वर्षं सांगतोय आणि तू पंधरा वर्षं "हातात धरून पळतात तो कसला फुटबॉल" म्हणतोयस. असू दे. चार डाऊनमध्ये, म्हणजे चार खेपांत, दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्याला, एवढं धरून चाल. दर खेपेला बॉल आधी ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. पण कुठला प्ले, म्हणजे कुठली चाल, खेळायचा हे बहुतेक वेळा तो ठरवत नाही. ते ठरवतो ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे चढाईचा कोच. मैदानाच्या कडेवरून हातवारे होतात, चित्रांचे फलक वर धरतात आणि पोरगं ते वाचून खेळतं. आखाड्याबाहेरून वस्ताद "ढाक मार, ढाक!" म्हणून ओरडतो ना, तसंच. फक्त या वस्तादाला वर्षाला लाखो डॉलर मिळतात.

आमच्या पेन स्टेटचा, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या टीमचा, क्वार्टरबॅक ड्रू अ‍ॅलर. ओहायोतल्या मेडिना गावचा, सहा फूट पाच इंच, वय १९. शॉन क्लिफर्ड बरीच वर्षं खेळून गेला आणि यंदा याच्या हातात टीम आली. सप्टेंबरात आयोवाला ३१-० धुतलं. लाखावर माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. त्या रात्री आम्ही पोराला पार देव्हाऱ्यात बसवलं. मग २१ ऑक्टोबरला ओहायो स्टेटच्या मैदानावर ४२ थ्रोंपैकी १८ पोचले आणि १६ थर्ड डाऊनपैकी, म्हणजे तिसऱ्या खेपांपैकी, एकच साधला. २०-१२ हरलो. मॅचनंतर पोरगं पत्रकारांसमोर रडवेलं होऊन सगळा दोष स्वतःवर घेत होतं.

तिथून वाद पेटला. मॅचआधी पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीशी शेगडी लावून आमचं टोळकं खातं-पितं, तिथं सरळ दोन तट पडले. एकांचं म्हणणं, पोराला उगाच चढवलं, त्याला दडपण पेलत नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, पोरगं सोन्यासारखं आहे, कोऑर्डिनेटर माइक युर्सिच त्याची माती करतोय. शेजारच्या सीटवर एक म्हातारबा असतात, चाळीस वर्षं तीच सीट. ते म्हणतात, थ्रो पकडणारे रिसीव्हरच मोकळे सुटत नाहीत तर पोरानं टाकायचा कुणाला? हेही खरंच आहे.

माझं मत निराळं होतं. अ‍ॅलरच्या पहिल्या ३११ थ्रोंत समोरच्यांनी एकही पकडला नव्हता. कॉलेजात नव्यानं खेळू लागलेल्या क्वार्टरबॅकचा हा विक्रम आहे. सगळे त्याचं कौतुक करत होते. मी म्हणत होतो, लेको, हाच तर आजार आहे. १९७५च्या वर्ल्डकपात गावसकर साठ षटकं खेळून ३६ वर नाबाद राहिले, त्यातला प्रकार. आपला डिफेन्स इतका भक्कम की वरून एकच शिकवण दिसते: तू फक्त चूक करू नकोस, बाकी ते बघतील. मग पोरगं लांबचा थ्रो टाकायच्या आधी दोनदा विचार करतं, आणि तेवढ्यात खेळ संपलेला असतो. शेवटी इंडियानाविरुद्ध पहिला इंटरसेप्शन गेला, म्हणजे थ्रो समोरच्यांनी पकडला, आणि त्यानंतर त्याच मॅचमध्ये ५७ यार्डांचा टचडाऊन (आपल्या भाषेत गोलच) टाकून यानंच मॅच काढली! मला वाटलं, सुटलं पोरगं.

कुठलं काय. शनिवारी मिशिगन आलं. समोरच्यांच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणात बिग टेननं, म्हणजे आम्ही दोघं ज्यात खेळतो त्या लीगनं, आदल्याच दिवशी त्यांचा मुख्य कोच जिम हार्बॉ याला तीन मॅचसाठी मैदानाबाहेर ठेवलेलं. सेनापती नसलेलं सैन्य, म्हटलं आज आपलाच दिवस. तर त्यांनी काय केलं असेल? शेवटचे सलग ३२ प्ले नुसते पळत खेळले. थ्रो टाकायची गरजच पडली नाही त्यांना. आणि अ‍ॅलर २२ पैकी १०, एकूण ७० यार्ड. अख्ख्या मॅचमध्ये सत्तर, संज्या. आपण २४-१५ हरलो.

मॅच हातातून निसटत चालली तसं स्टेडियम हुर्यो करायला लागलं. आपल्याच पोरांची. मीही उठून उभा राहिलो, तोंडाशी हात धरून घसा फाटेस्तोवर ओरडलो. म्हातारबा बसूनच होते. त्यांनी माझी बाही ओढून विचारलं, "नक्की कुणाला ओरडतोयस?"

मला सांगताच येईना. युर्सिचला म्हणावं तर तो मला दिसतही नव्हता. मैदानावर मान खाली घालून परत येत होता तो अ‍ॅलर.

आणि मला तो आठवला, आपल्या पेठेचा गोलकीपर. फायनलला त्याच्या पायांमधून बॉल गेला आणि आपण दोघं कठड्यावर चढून काय काय बोललो होतो. परत खेळला नाही तो. तू म्हणाला होतास, त्याची चहाची गाडी आहे आणि फुटबॉलचा विषय निघाला की तो कप विसळायला लागतो.

रविवारी, इकडं मी लक्ष्मीपूजनाची तयारी करतोय आणि बातमी आली, युर्सिचला काढलं. याच राज्यातल्या शिपेन्सबर्गच्या लहानशा कॉलेजातून वर चढलेला माणूस, तीन सीझन इथं काढले. उरलेल्या मॅच सायडर आणि हाऊल हे हाताखालचे दोन कोच बघणार. टोळक्याच्या ग्रुपवर जल्लोष, जणू आम्हीच मिशिगनला हरवलं. मला बरं वाटलं नाही. मुख्य कोच जेम्स फ्रँकलिन दहा वर्षं इथं आहे आणि हा त्याचा पाचवा कोऑर्डिनेटर. ओहायो स्टेट आणि मिशिगनशी मिळून २० मॅच झाल्या, ४ जिंकल्या. पाच वस्ताद बदलले आणि मोठ्या कुस्तीत चितपट व्हायची सवय तीच, तर तालीम कोण चालवतंय ते विचारायला नको का? म्हातारबांना हे पटत नाही. ते म्हणतात, बाकीच्या सगळ्या मॅच तोच जिंकून देतो, विसरू नकोस. आमचं यावर अजून मिटलेलं नाही.

शनिवारी घरच्या मैदानावर रटगर्स आहे. जाणार आहे. नवे कोच काय करतील कोण जाणे, पण पहिल्याच प्लेला पोराला लांब टाकायला सांगावं त्यांनी. पकडला तर पकडला.

उद्या वानखेडेवर क्रिकेट वर्ल्डकपची सेमीफायनल, आमच्या पहाटे साडेतीनला. गजर लावलाय. गेल्या वेळी न्यूझीलंडनंच घरी पाठवलं होतं, त्यामुळे आत्तापासूनच पोटात गोळा आहे. तू जागाच असशील, मेसेज करत राहा, पण विकेट पडली की मला आधी सांगू नकोस, माझं नेटवरचं प्रक्षेपण मागं असतं.

काकूंच्या हातचा चिवडा कुणी इकडं येणारं असेल तर पाठव. आणि त्या चहाच्या गाडीवर गेलास तर माझ्याकडूनही एक कटिंग घे. आपण कोण हे त्याला सांगू नकोस.

तुझा,
बाळ्या