साठ रुपयांचा कागद

नॅचेझ, मिसिसिपी
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय शुभा,

सात महिने झाले, तुला पत्र नाही. व्हॉट्सअॅपवर चार वेळा लिहून खोडलं. तू बघितलं असशीलच, "टायपिंग टायपिंग" येतं आणि मग काहीच नाही. शेवटी सुनेच्या कपाटातून रेघांचे कागद चोरले. तब्येत बरी आहे. साखर किंचित वर, पाय रात्री वळतात, पुरे.

शेजारच्या मिस डेलाबद्दल मी मागे लिहिलं होतं. इथे वयाने मोठ्या बाईच्या नावाआधी "मिस" लावतात, मग तिला नातवंडं असली तरी. आपण मावशी म्हणतो तसंच. वय ७९, चर्चला जाताना टोपी इतकी मोठी की गाडीत आधी टोपी बसते, मग ती. तिला घराण्याचा मागोवा घ्यायचा होता आणि कोर्टातलं जुनं अक्षर लागत नव्हतं. मी म्हटलं, बाई, माझी तीस वर्षं रजिस्ट्रार ऑफिसात गेलीत, इंडेक्स-टू वाचून डोळे गेले, चल. तेव्हापासून दर मंगळवारी आम्ही दोघी चॅन्सरी क्लर्कच्या ऑफिसात. खरेदीखतं, मृत्युपत्रं, सगळं तिथेच. वास अगदी आपल्या रेकॉर्डरूमचा, फक्त उंदीर कमी.

या लोकांची अडचण तुला चटकन कळेल. काळ्या कुटुंबांचा शोध १८७० च्या जनगणनेपर्यंत जातो आणि धाडकन भिंत लागते. सुटका झालेल्या सगळ्यांची नावं पहिल्यांदा लिहिली गेली ती त्या साली. त्याआधी १८५० आणि १८६० ला गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या, त्यात वर मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, बाई की पुरुष, रंग. नाव नाहीच. (१८९० चे कागद तर १९२१ च्या आगीत गेले. मी म्हटलं, सरकारी दप्तर जळणं ही काही आमचीच मक्तेदारी नाही तर.) भिंतीपलीकडे जायचं तर मालकाच्या घरातले कागद धरावे लागतात. तो मेला की मालमत्तेची यादी होते, आणि त्या यादीत माणसांना नावं असतात, कारण किंमत लावायची असते.

तर मागच्या मंगळवारी तिच्या घराण्यातली बाई सापडली. १८७० मध्ये हॅना, वय ४५, जन्म व्हर्जिनिया, सोबत मुलगी शार्लट, वय २०. आणि १८५४ च्या एका यादीत हॅना, २९, आणि मूल शार्लट, ४, दोघी मिळून ९०० डॉलर. मालकाचं आडनाव इथे लिहीत नाही, त्या आडनावाचा रस्ता अजून आहे. मी मोठ्याने वाचत होते, मिस डेला वहीत उतरवत होती. हॅना, शार्लट, मग खालची ओळ: "जिनी, ११० डॉलर." तिने लगेच लिहिलं, जिनी, आणि पुढे प्रश्नचिन्ह, मावशी असेल का म्हणून. मी बोट पुढे सरकवलं तेव्हा कळलं, जिनी खेचर होती. तपकिरी, एका डोळ्याने अधू.

मिस डेला खूप हसली. इतकी, की काउंटरवरची मुलगी बघायला आली. मग तिने जिनीवर काट मारली नाही, तसंच ठेवलं, आणि झेरॉक्सचे किती असं विचारलं.

शुभा, मला हसू येईना. तुला कळलं असेल का.

आजीच्या घरी गोठ्याला लागून "गोदीची पडवी" होती. तू दोनदा झोपली आहेस तिथे, एकदा विंचू निघाला होता. लहानपणापासून मला वाटायचं, गोदी म्हणजे कुठलीतरी जुनी म्हैस. आणि मग त्या मे महिन्यात तू, नुकतीच मोडी शिकून शेफारलेली, अण्णाकाकांच्या फडताळातला जुन्या कागदांचा रुमाल सोडून बसलीस. "कुणबीण नामे गोदी, उमर वर्षे १२, रुपये ६०." शके १७१३. तू वाचलंस आणि माझ्याकडे बघितलंस. मी काय म्हणाले आठवतंय? "तुला मोडी येत नाही." तुला! तू मग मलाच शिकवायला लागलीस, पेशवाईत कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, कशा विकत, दुष्काळात पोरी कशा जात, कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने ते कसं मोडलं. तुझं हे नेहमीचंच, माणूस रडायला आलेलं असताना तू सनावळी सांगतेस. काकांनी रुमाल बांधला, जेवायला बोलावलं, आणि आपण आमरस खाल्ला. नंतर आपण दोन वर्षं बोललो नाही. तू म्हणतेस ते माझ्या रेनकोटवरून. तो रेनकोट तू अजून दिलेला नाहीस ते वेगळं.

आता मुख्य गोष्ट. कोर्टातून येताना गाडीत मिस डेलाने विचारलं, "तुमच्याकडे होतं का गं असलं काही?" आणि मी म्हटलं, नाही. विचारसुद्धा केला नाही, सिग्नल हिरवा व्हावा तसं "नाही" आलं तोंडातून. वर पुन्हा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीची फुशारकी मारली, आमच्या अकरा पिढ्या तिथे लिहिलेल्या आहेत म्हणून. ती म्हणाली, अकरा! मग जरा थांबून, "बायकांचीही नावं?" मी खिडकीबाहेर बघितलं. स्पॅनिश मॉस लोंबत होता झाडांना, राखाडी, जटांसारखा.

हे गाव असं आहे की इथे लपवून काही राहत नाही. दोन मैलांवर फोर्क्स ऑफ द रोड, माणसांचा बाजार. हॅनाच्या लहानपणी व्हर्जिनियाकडून बोटींनी आणि पायी साखळीने माणसं आणायचे तिकडे. आता तिथे जमिनीत काँक्रीटमध्ये बेड्या पुरून ठेवल्यात, पायाखाली दिसतात. स्टेट स्ट्रीटवर विल्यम जॉन्सन न्हाव्याचं घर आहे. हा स्वतः गुलाम जन्मला, सुटला, सोळा वर्षं रोजनिशी लिहिली, आणि त्यानेही गुलाम ठेवले होते. तेही तिथे पाटीवर लिहिलंय. मी आजवर तीनदा जाऊन आले, दर वेळी मुलगा म्हणतो, आई, तेच काय बघतेस. त्याला मी काय सांगू? त्याने तर शाळेत प्रकल्प केला होता, "माझे पूर्वज", वहीचा फोटो लावून. पहिला नंबर आला होता.

आणि पुढच्या महिन्यात तिच्या चर्चच्या हॉलमध्ये मला बोलायला उभं करणार आहेत. विषय, भारतात वंशावळ कशी ठेवतात. मिस डेलाने परस्पर ठरवलं, पत्रक छापलं, माझं नाव चुकवून. पन्नास माणसं येतील, बहुतेक सगळी १८७० च्या भिंतीशी अडकलेली. त्यांच्यापुढे मी अकरा पिढ्या वाचून दाखवू?

तुझं कसं आहे? गुडघ्याचं काय ठरलं? केदारची बदली रद्द झाली असं वंदनाकडून कळलं, बरं झालं. सासूबाईंना नमस्कार सांग, ओळखत असतील तर.

अण्णाकाका गेल्यावर घर विकलं, फडताळासकट. रुमाल कुठे गेला कुणाला माहीत नाही, मी दोन्ही चुलतभावांना विचारलं. एकाने तर "कसला रुमाल" म्हणून विचारलं, सर्दी झाल्यासारखा. राहिली तुझी निळी वही. तू त्या दिवशी तो कागद अक्षरन् अक्षर उतरवून घेतला होतास. मी तुला ते पान फाडायला लावलं होतं, आणि तू संध्याकाळी येऊन सांगितलंस, फाडलं.

तू खोटं बोलली असशील अशी मला आशा आहे. तुझा स्वभाव माहीत आहे, तू बसचं तिकीटसुद्धा फाडत नाहीस. असेल तर टपालाने पाठव, फोनवर फोटो नको, माझा फोन इथे सगळे बघतात. मिस डेलाला मी आधी एकटीलाच दाखवीन, तिच्या स्वयंपाकघरात.

तुझी,
नंदा

ता.क. रेनकोट निळा होता, आतून चौकड्यांचा. विसरली नाहीये.