बॉयकॉट नावाचा कारभारी

संपादक महोदय,

‘बॉयकॉट’ हे इंग्रजी क्रियापद मुळात एका माणसाचे आडनाव. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट जमीनदाराचा कारभारी होता. कुळांना जमिनीच्या खंडात (भाड्यात) हवी तेवढी सूट मिळेना, तेव्हा लोकांनी त्याच्याशी व्यवहारच तोडले. मजूर फिरकेनात, दुकानदार माल देईनात. पीक काढायला बाहेरून माणसे आणावी लागली, तीही लष्कराच्या पहाऱ्यात! त्याच वर्षी वृत्तपत्रांनी त्याच्या आडनावाचे क्रियापद केले.

‘ऑस्ट्रसाइज’ (वाळीत टाकणे) हा इंग्रजी शब्द त्याचा समानार्थी मानला जातो, पण मला ते तितकेसे पटत नाही. त्या शब्दाचे मूळ प्राचीन अथेन्समध्ये आहे; तिथे नागरिक खापराच्या तुकड्यावर नाव कोरून एखाद्याला १० वर्षांसाठी हद्दपार करत. तिथे माणूस शहर सोडून जाई. बॉयकॉट झालेला मात्र आहे तिथेच राहून एकटा पडतो.

– एक वाचक