सुध्या, जोएलच्या फॉर्मवर काय लिहिलं ते ऐक

कोल्हापूर, न्यू शाहूपुरी
रविवार संध्याकाळ

सुध्या, सलाम.

तुला शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवायला बसलो तर लाज वाटेल. फोनवर बोलणं होतं, पण त्यात तुझ्याकडे कुकरची शिट्टी आणि माझ्याकडे दुकानात गिऱ्हाईक. आजचा विषय फोनवरचा नाही. व्हॉट्सॲपवर टाकावा तर तुझा फोन सगळं घर उघडतं. म्हणून कागद घेतला. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर आटोक्यात, शालन बरी आहे.

आमचा जोएल यंदा चर्चच्या शिबिराला चाललाय. पाचगणीला, मे महिन्यात, पाच रात्री. त्याला दहावं लागलंय, म्हणजे आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा जेवढे होतो तेवढाच. मागे एका रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी फॉर्म वाटले. आपल्या वेळी शब्बाथशाळेच्या वहीत नाव लिहिलं की झालं. आता दोन पानं भरायची. पुढच्या पानावर रक्तगट, दोन फोन नंबर, आधारची झेरॉक्स आणि परतीला मुलाला न्यायला कोण येणार त्याचं नाव. दुसरं कोणी आलं तर मूल सोडणार नाहीत, सख्खा काका असला तरी. हे मला फार आवडलं. मागच्या पानावर दमा, फिट, ॲलर्जी, चालू औषधं, आणि सगळ्यात खाली एक ओळ: रात्री अंथरूण ओलं होतं का? होय, नाही.

होतं, सुध्या. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा होतं.

शालन म्हणाली, "नाहीवर खूण कर. गावभर कशाला?" मी पेन धरून बसलो आणि मला हौदापाशी तू दिसलास.

त्या मे महिन्याबद्दल आपण आजतागायत बोललो नाही, तुझ्या लग्नाच्या आदल्या रात्री गच्चीवर पहाटेपर्यंत बडबडलो तेव्हासुद्धा नाही. आज बोलतोय, रागावू नकोस. राजीव गांधी गेले ते वर्ष. शिबिराच्या आदल्या रविवारी तुझे बाबा उपदेशाला उभे राहिले, १८५२ साली मिशनरी वायल्डर साहेब कोल्हापुरात आले तिथून निघाले आणि आपल्यापाशी येऊन थांबले: मुलांनो, मंडळीचं नाव राखा. सगळी मंडळी आपल्याकडे वळून बघत होती. माझं काय, मी विसरलो. पण तू पाळकांचा मुलगा. तुझ्या डोक्यावर ते नाव चादरीसकट होतं हे मला त्या पहाटे कळलं. अंधारात गार पाण्यात हात घालून तू चादर पिळत होतास आणि दात वाजू नयेत म्हणून खालचा ओठ चावून धरला होतास. नंतर मी माझी पाण्याची बाटली तुझ्या गादीवर उपडी केली आणि बेंजामिनमामांना सांगितलं, माझ्या हातून सांडली. शिक्षा म्हणून पातेली घासायला लागली त्याचं काही नाही. तू मात्र वर्षभर मला "धांदरट विन्या" म्हणून चिडवलंस, तेही सगळ्यांसमोर, हे मी अजून विसरलेलो नाही! शाहू स्टेडियमवर फुटबॉलला तू शिवाजी तरुण मंडळाच्या बाजूला जाऊन बसायचास हे एक आणि हे दुसरं, दोन्हींचा हिशेब वर गेल्यावर होईल.

तर मी 'होय'वर खूण केली. शालन उठून आत गेली. त्या रात्री आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, लपवलं तर पोरगं पाच रात्री जागं राहील, नाहीतर पहाटे एकटं उठून चादर धूत बसेल. ती गप्प. मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "मला अकराव्या वर्षापर्यंत होतं." सुध्या, आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, मला ठाऊक नव्हतं. मिरजेची एवढी मोठी मंडळी, दर मे महिन्यात मुलींची गाडी भरून जायची, आणि ही एकदाही शिबिराला गेली नाही. दरवेळी आदल्या दिवशी पोट दुखायचं. घरच्यांना वाटायचं, मुलगी भित्री आहे. (हे तिला विचारून लिहितोय. ती म्हणाली, सुधीरभावजींना चालेल.)

दुसऱ्या दिवशी दोघंही जोएलला घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. हे आधीच करायला पाहिजे होतं म्हणून त्यांनी आमच्यावर डोळे वटारले नाहीत, उलट जोएललाच खुर्चीत बसवून समजावलं. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदू एक संप्रेरक सोडतो, काही मुलांत ते रात्री पुरेसं सुटत नाही. त्यात झोप इतकी गाढ की मूत्राशय भरल्याची खबर वर पोचत नाही. आळस नाही, खोडी नाही, भीतीही नाही. आई किंवा वडिलांना लहानपणी असलं तर मुलाला असण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या पुढे, दोघांनाही असलं तर ७० च्या वर. मुलग्यांत जास्त. आणि दरवर्षी शंभरातल्या साधारण १५ मुलांचं काही न करता आपोआप थांबतं. शालन खाली मान घालून ऐकत होती. बाहेर आल्यावर तिनं जोएलला उसाचा रस पाजला, सकाळी अकरा वाजता, मोठा ग्लास.

रसावरून आठवलं, पाण्याचं सांगतो. आपल्या आया संध्याकाळपासून पाणी बंद करायच्या. डॉक्टर म्हणाले, दिवसभर भरपूर प्यायला द्या, सकाळी आणि दुपारी जास्त. झोपण्याआधीचा तासभर फक्त नको. संध्याकाळी चहा आणि कोला नको. आणि पोट रोज साफ झालं पाहिजे, कारण आतडं तुंबलं की मूत्राशयावर दाब येतो. शिबिरात नेमकं हेच बिघडतं. रांग असते, पोरं लाजतात, कळ दाबून धरतात. म्हणून पिशवीत खजूर दिलेत. शिबिरापुरती म्हणून त्याच संप्रेरकाचं काम करणारी डेस्मोप्रेसिनची गोळी लिहून दिली, पण अट अशी की आधी घरी काही रात्री देऊन बघायची, एकदम पाचगणीला प्रयोग नको. आणि ती घेण्याआधी एक तास आणि घेतल्यावर आठ तास पाणी अगदी घोटभरच, नाहीतर अंगात पाणी साचून रक्तातलं सोडियम उतरतं. उलटी-जुलाब झाले तर त्या रात्री गोळीच नाही. हे सगळं त्यांच्या चिठ्ठीवर लिहून घेतलंय. घरी दिली, बऱ्याच रात्री कोरड्या गेल्या.

मग मी शिबिरप्रमुख बाईंना फोन लावला. रिंग वाजत होती तेव्हा घसा कोरडा पडला होता. बाई एकदम साध्या आवाजात म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. दरवर्षी चार-पाच तरी असतात. बाकीचे आई-वडील सांगत नाहीत आणि आम्हाला तिसऱ्या दिवशी वासावरून कळतं." गोळी त्यांच्या नर्सकडे द्यायची, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. मुलाच्या पिशवीत कोणतंच औषध ठेवायचं नाही, साधी तापाची गोळीसुद्धा नाही.

आता माझी खरी काळजी. रात्री अकराला त्याला उठवून संडासला न्यायचं ठरलं. म्हणजे अंधारात, झोपेतल्या पोराला, परका माणूस उठवणार. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. लोक म्हणतात, चर्चचं शिबिर आहे, आपलीच माणसं आहेत. आपलीच माणसं म्हटलं की लोक प्रश्न विचारायचे थांबतात, म्हणून मला तिथंच जास्त विचारावंसं वाटतं. मी सरळ विचारलं: कोण उठवणार, किती जण, दिवा असतो का, मुलांच्या खोलीत रात्री कोण झोपतं, मोठी पोरं आणि लहान पोरं वेगळी का? बाईंना राग आला नाही. एकटा लीडर कुठल्याच मुलाला कुठंही नेत नाही, कायम दोघं, आणि व्हरांड्यातला दिवा रात्रभर चालू. उठवताना हाक मारायची, फार तर खांद्याला हात. कपडे मूल स्वतः बदलणार. सगळ्या लीडर लोकांची पोलिसांकडून पडताळणी झालेली, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा, २०१२ चा, त्यांना आधी वाचून दाखवतात, कारण काही घडल्याचं कळलं आणि कळवलं नाही तर तोही गुन्हाच आहे. मी हे सगळं जोएललाही सांगितलं. याच्या पलीकडे कोणी काही केलं तर ओरडायचं, पळायचं, आणि सांगितल्यावर बाबा रागावणार नाही. मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर त्याला पाठ आहे. तेविसावं स्तोत्र म्हणून झालं की लगेच तो नंबर म्हणून दाखवतो, एका दमात.

शेवटच्या रात्रीचंही विचारलं. शेकोटीपाशी हात वर करायला लावतात ते. तू तर तीन वर्षं लागोपाठ वर केलास आणि तिन्ही वेळा रडलास! त्यानं प्रभूला जीवन द्यावं ही माझी रोजची प्रार्थना आहे, पण शेजारच्या पोरानं हात वर केला म्हणून नको. बाई म्हणाल्या, आता तसं करत नाहीत; ज्याला बोलायचं असेल तो दुसऱ्या दिवशी उजेडात येऊन बोलतो. मला बरं वाटलं.

पिशवी शालननं भरली, आणि ज्या मनानं भरली ते बघून मला तिच्याविषयी भरून आलं. दोन चादरी, दोन्ही गडद निळ्या, सारख्या, म्हणजे बदलली तरी कुणाला कळू नये. मेणकापड कापून चादरीच्या आतून शिवून टाकलं, त्यामुळे ते करकरत नाही. शोषून घेणाऱ्या चड्ड्या मोज्यांच्या पिशवीत, वर मोजे. एक जाड चेनची पिशवी, ओलं त्यात टाकून नर्सकडे द्यायचं, बाकी ती बघणार. सगळ्या कपड्यांवर आतून नाव, मार्करनं. स्वेटर घातलाच, कारण पाचगणी सव्वाचार हजार फुटांवर आहे आणि मे असला तरी रात्री गार वारा सुटतो. आणि अंग गार पडलं की लघवी जास्त लागते. टॉर्च, पवित्र शास्त्र, वही, चप्पल आणि बूट दोन्ही. मोबाइल, सोन्याची साखळी, खाऊचे डबे यांना बंदी. पसरणी घाटात गाडी लागते म्हणून सकाळी तेलकट काही नाही, पुढची सीट सांगून ठेवलीय आणि खिशात लिंबू.

सासूबाईंनी मात्र घोळ घातला. जोएलला जवळ घेऊन म्हणाल्या, "करमलं नाही तर फोन कर हं, लगेच न्यायला येऊ." हे एवढं एक वाक्य बोलायचं नसतं. एकदा दार उघडं आहे म्हटलं की पोरगं पहिल्या संध्याकाळपासून दाराकडेच बघत बसतं. मी त्याला म्हटलं, पहिल्या दोन रात्री आठवण येईल, ती सगळ्यांनाच येते, तेव्हा काय करायचं ते आपण आत्ताच ठरवू. आणि सराव म्हणून त्याला मिरजेला आत्याकडे एकट्याला राहायला पाठवला. चांगला राहिला. चादर ओली झाली, आत्यानं काही न बोलता बदलली.

एवढं सगळं झालं आणि काल रात्री तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाबा, माझं पोट दुखतंय. मी नाही जात." शालननं ऐकलं. तिचा चेहरा बघवेना.

मी त्याला विचारलं, कशाची भीती वाटते? म्हणाला, "आख्ख्या जगात हे फक्त मला होतं." डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्याच्या कानावरून गेलं. शालन त्याला स्वतःचं सांगायला तयार झाली, सांगितलंही. तो म्हणाला, "पण मम्मी शिबिराला गेलीच नव्हती." बरोबर आहे त्याचं. त्याला जाऊन आलेला माणूस पाहिजे. आणि तो त्याचा सुधीरकाका, जो रंकाळ्यावर त्याला खांद्यावर घेऊन पळायचा, ज्याच्यासारखं त्याला बँकेत साहेब व्हायचंय.

मी तुझं नाव घेतलं नाही, घेणारही नाही. ती गोष्ट तुझी आहे. तू नको म्हणालास तर आपल्यात काहीही बदलणार नाही आणि मी पुन्हा हा विषय काढणार नाही. पण हो म्हणालास तर त्याला चार ओळी लिही. उपदेश नको, शास्त्रातलं वचन नको, ते लोक तिथं भरपूर देतील. फक्त काय झालं होतं ते लिही, आणि दुसऱ्या वर्षी तू परत का आलास ते. ते मलाही ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही.

शिबिरात आई-वडिलांनी पत्रं आधीच द्यायची असतात, पाकिटावर मुलाचं नाव आणि वार लिहून; रोज दुपारच्या जेवणानंतर वाटतात. आमची लिहून झाली. मंगळवारचं पाकीट रिकामं ठेवलंय.

तुझं काय? श्रेयाचा दहावीचा निकाल कधी? सायन्सच घे म्हणून मागे लागू नकोस. नागपूरची बदली टळली का? घराची प्रार्थना ठेवलीत की कळव, मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघून येईन. वहिनींच्या पाठदुखीचं त्या दिवशी फोनवर अर्धवट राहिलं, नीट दाखवा.

बस ९ तारखेला सकाळी सहाला चर्चच्या आवारातून सुटते. स्पीड पोस्टनं पाठव, ७ पर्यंत मिळालं पाहिजे. बाहेरच्या लखोट्यावर माझं नाव, आतल्यावर जोएलचं. आतला मी उघडणार नाही.

सर्वांना सलाम.

तुझा,
विनय